प्रार्थनेला बसल्यावर दोन मिनिटांतच शब्द संपत असतील तर काय करावे?

शब्द संपणे हे विश्वास उणा असल्याचे लक्षण नव्हे. अशा वेळी बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी रोज एक स्तोत्र सावकाश, ओठ हलवून वाचावे आणि जी ओळ मनाला भिडेल तिथेच थांबून ती आपल्या साध्या शब्दांत देवापुढे मांडावी. गाऱ्हाणेही मांडता येते. १३ व्या स्तोत्राचा आरंभच ‘कोठवर’ या आर्त प्रश्नाने होतो. येशूने पहाटेच्या अंधारात एकांतात जाऊन प्रार्थना केल्याचे मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे, म्हणून मीही मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून खिडकीपाशी बसते आणि वहीत लिहिलेल्या आजाऱ्यांच्या नावांवर बोट ठेवत एकेकासाठी मागते. एखादा दिवस चुकलाच, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसून भरपाई करू नये. येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणत नेहमीसारखी सुरुवात करावी.