पेढ्यांचा डबा फळीवर

पत्र

मावशी, सलाम. मी दारव्हा तालुक्यातली. साडेतीन एकर वावर, कापूस आणि तूर. आमच्या गावात ख्रिस्ती घरं सातच. दोन वर्षांआधी बोंडअळीनं पऱ्हाटी गेली, वरून बचत गटाचा हप्ता थकला. बुधवारच्या घरसभेत, म्हणजे घरातल्या प्रार्थनेत, सगळ्यांसमोर मी रडून प्रार्थनेची विनंती सांगितली. तिसऱ्या दिवशी कृषी केंद्रवाल्यानं मालकांना उधार बंद केलं. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी "बरं आहे, प्रभूची दया" एवढंच म्हणते. मालक म्हणतात, "आपलं दुःख येशूले सांगावं, माणसाईले कायले?"

पोळ्यानंतर शेजारच्या वहिनीच्या मालकानं जीव दिला. ते हिंदू. पंधरा वर्षं आम्ही दोघींनी तासाला तास, म्हणजे ओळीला ओळ, लावून कापूस वेचला. तेरवीला गेले, पण मंडळीत, आमच्या चर्चच्या लोकांत, बोलतील म्हणून जेवले नाही. घरसभेत एक बाई म्हणाली, जीव देणारा नरकातच जातो. तेव्हापासून वहिनीच्या दारात माझा पाय उचलत नाही. काय बोलू? आता माझ्या पोरीचा जीएनएम नर्सिंगला नंबर लागला. अर्धा किलो पेढे आणले, ते डब्यात फळीवर तसेच आहेत. वाटले तर वहिनीला काय वाटेल? नाही वाटले तर देवाचे उपकार लपवल्यासारखं होतं.

— एक बहीण

उत्तर

बाई गं, तुझं पत्र माझ्या हाती पडायला नऊ दिवस लागले. पेढे खव्याचे असतील तर ते केव्हाचेच आंबले. वास घे आणि टाकून दे. डब्याचा प्रश्न मिटला, आता बाकीचं बोलू.

तू जे विचारलंच नाहीस, त्यापासून सुरुवात करते. ते थांबण्यासारखं नाही. तुझे मालक. हप्ता थकलेला, उधार बंद, शेजारच्या माणसाच्या तिरडीला नुकताच खांदा दिलेला, आणि तोंडात "माणसाईले कायले?" यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईला याचा अर्थ मी फोडून सांगायला नको. हे वाक्य विश्वासाचं असू शकतं. आतल्या आत गप्प होत चाललेल्या माणसाचंही असू शकतं. आज रात्री पोरं झोपली की त्यांना विचार. आडवळणानं नको, सरळ विचार: "तुमच्या मनात जीव द्यायचं येते का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो असं लोक म्हणतात, ते खरं नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. ते हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नकोस आणि १४४१६ वर फोन लाव. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही फोन उचलतात आणि मराठीत बोलतात. फवारणीची औषधं मात्र त्यांचं उत्तर काहीही असो, घरात ठेवू नकोस. भरवशाच्या कुणाच्या तरी घरी कुलपात ठेव.

आता त्यांच्या म्हणण्याबद्दल. येशूला सांगावं हे खरंच. पण स्वतः येशूनं काय केलं? त्याला धरून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत तो बापाकडे प्रार्थना करायला गेला. जाताना पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना सोबत घेतलं, आणि माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा, असं त्यांना सांगितलं. बायबलात मत्तयाच्या २६व्या अध्यायात आहे, मालकांना वाचून दाखव. बरं, ते तिघे झोपले! दिवसभराचे दमलेले असतील. तरी तो तीनदा त्यांच्याजवळ परत आला.

तुझ्या घरसभेचं उत्तरही याच गोष्टीत आहे. बारा शिष्यांतला दगा देणारा यहूदा तोवर निघून गेला होता, उरले अकरा. त्यातल्या आठांना त्यानं "इथे बसा" म्हणून मागे ठेवलं आणि तिघांनाच आत नेलं. त्याच्या जवळच्या माणसांतही त्यानं निवड केली. तू रडलीस यात काही वावगं नव्हतं. फक्त हप्त्याची गोष्ट सातही घरांसमोर ठेवायची नव्हती. अर्थात जास्त चूक ती बाहेर नेणाऱ्याचीच.

मी पाळकाच्या घरात वाढले. वडील यवतमाळच्या सेमिनरीत शिकलेले. ती १९८३ साली पुण्याला हलली, त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. त्यांच्याकडे विनंत्यांसाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. ज्याला जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून, घडी करून आत टाकायचं. सभेत वडील एवढंच म्हणायचे, "एका घरासाठी प्रार्थना करू या." कुणाचं घर, काय झालं, ते आईलाही सांगायचे नाहीत. आईला याचा भारी राग यायचा. वाचून झालेल्या चिठ्ठ्या चुलीत जायच्या. तुमच्या पाळकसाहेबांना असा एक डबा ठेवायला सांग. आणि बातमी कुणी फोडली ते तुला नक्की माहीत असेल, तर एकटी जाऊन तिला सांग. सभेत नाव घेतलंस तर ती त्याच रोगाची दुसरी लागण.

आता वहिनी. काय बोलू, असं विचारलंस. काही बोलू नकोस.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आमच्या गल्लीत एका बाईचा अकरा वर्षांचा मुलगा तापानं गेला. आपण पाळकाची पोर, वचन सांगितलं पाहिजे, असं मला वाटलं. तिच्या शेजारी बसून मी रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातलं ते सांगितलं, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणाच्या होतात. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "माय, तू जाय आता." त्याच पत्रात चार अध्याय पुढे ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, "आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा." शोक करणाऱ्यांना समजवा, असं तिथे कुठे नाही. आणि मला ते पाठ होतं, हे विशेष! त्याच दुपारी त्या घरी एक म्हातारी आली. ओसरीवर बसली, पुढ्यातलं सूप ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली. खडा दिसला की दोन बोटांनी उचलून शेजारच्या वाटीत टाकायची, टिक असा आवाज व्हायचा. उन्हं कलेपर्यंत तेवढाच आवाज. ती जायला उठली तेव्हा मुलाची आई तिला सोडायला फाटकापर्यंत गेली. तीन दिवसांत ती पहिल्यांदा ओसरी उतरली होती.

नरकाचा निकाल देणाऱ्या बाईला सांग, कोण कुठे गेलं ते ठरवायचं काम मंडळीकडे दिलेलं नाही. बायबलातल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. त्यांनी कारणमीमांसा सुरू केली आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

तेरवीला जेवली नाहीस याचा सल तुला अजून आहे, तुझ्या अक्षरातच दिसतो. मूर्तीपुढच्या अन्नावरून करिंथच्या मंडळीतही भांडण होतं. पौलाच्या तिकडच्या पहिल्या पत्रात ८व्या आणि १०व्या अध्यायात तोच विषय आहे, आणि ताटात काय आहे यापेक्षा समोरच्याच्या मनाला काय लागेल ते बघा, असा त्याचा रोख आहे. तुझं मन धजत नसेल तर नको जेवूस. पण त्या दिवशी पाणी भरायला, भांडी घासायला कुणी मनाई केली होती का? हे जरा टोचेल. टोचू दे.

अशा वेळी मला बायबलातली रूथची गोष्ट आठवते. त्यातली रूथ सगळ्यांना माहीत असते, मला मात्र त्यातल्या शेजारणी आवडतात. रूथची सासू नामी बेथलेहेमला परत येते तेव्हा नवरा गेलेला, दोन्ही मुलं गेलेली. बायका गोळा होतात, ही नामीच का, म्हणून. ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. सर्वसमर्थानं माझं जिणं कडू केलंय. सरळ देवालाच बोल लावते. पण "असं बोलू नये गं" असं एकाही बाईनं तिला म्हटल्याचं लिहिलेलं नाही. पुढे रूथ जवाच्या कापणीत सरवा, म्हणजे मागे पडलेली कणसं, वेचायला जाते. ते काम कसं असतं ते तुला सांगायला नको. शेवटी नामीच्या मांडीवर नातू येतो, आणि त्याचं नाव कोण ठेवतं? शेजारणी! ओबेद. कडू दिवसात तिचं ऐकून घेतलं होतं, म्हणून त्या दिवशी तिच्या दारात येऊन बाळाचं नाव ठेवायचा हक्क त्यांना होता.

तुला तर बसायला जागाही शोधावी लागणार नाही. वेचणी सुरूच आहे. समोरासमोर बसलं की दुःखातल्या बाईला चेहरा सांभाळावा लागतो. तासात दोघींची तोंडं पुढे, कमरेला ओटी, हात बोंडावर. रडायला आलं तरी कुणी बघत नाही. वाळल्या बोंडाचं टोक नखाच्या मुळाशी घुसतं, तेव्हा "लागलं का?" एवढं विचारलंस तरी पुरे. उद्या सकाळी तिच्या वावरात जा आणि दिवसभर वेच. संध्याकाळी काट्यावर तुझ्या नावानं वजन करायचं नाही. फुकट नको म्हणाली तर सावड म्हण, आज मी तुमच्याकडे, उद्या तुम्ही माझ्याकडे, तिलाही बरं वाटेल. ती नवऱ्याबद्दल बोलली तर ऐक. त्याला शिव्या घातल्या तरी ऐक. मागे सोडून गेलेल्या माणसाचा रागही येतोच. पंधरा वर्षांत तो तुझ्याशी जे काही चांगलं वागला असेल ते आठवून सांग. अशा मरणानंतर लोक त्या माणसाचं नाव घ्यायचंच बंद करतात, आणि बाईला ते फार लागतं.

आणि कचेरीत तिला एकटीला जाऊ देऊ नकोस. वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतं!). पोळ्यापासून दिवस मोज. सरकारची १ लाखाची मदत जिल्हा समितीनं प्रकरण पात्र ठरवलं तरच मिळते, आणि जमिनीचे, कर्जाचे कागद अपुरे पडले की प्रकरण अपात्र होऊन पडतं. नवरा गेलेल्या बाईला त्या खिडक्यांपुढे काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते मी बघितलंय. तू शेजारी बाकावर असलीस तर थोडं कमी ऐकावं लागेल. एकमेकांची ओझी वाहा, असं गलतीकरांस पत्रात म्हटलंय. आपल्याकडे ते ओझं बहुतेक वेळा झेरॉक्सच्या पिशवीत असतं.

राहिला तुझा आनंद. दहा नाण्यांतलं एक हरवलेली बाई लूकच्या १५व्या अध्यायात आहे. दिवा लावून घर झाडते, नाणं सापडलं की मैत्रिणींना, शेजारणींना हाक मारते. एका नाण्यासाठी! तुझ्या तर पोरीनं नाव काढलंय. तू मात्र वहिनीला जपायचं म्हणून तोंड मिटून बसलीस. पण पोरगी पेटी घेऊन एसटीत चढेल तेव्हा गावाला दिसणारच. मग वहिनीला ते किराणा दुकानात कळेल. तिथे तिच्या मनात पहिला विचार काय येईल, सांगू? आता मी अपशकुनी, म्हणून मला सांगितलं नाही. हळदीकुंकवात नाही, लग्नात मागच्या रांगेत, हे तिच्या वाट्याला येणारच आहे. त्यात तुझं हे लपवणं. तू कितीही मायेनं केलंस तरी तिला ते तसंच दिसेल.

म्हणून सगळ्यांच्या आधी तिला सांग. मंडळीच्याही आधी. पेढा नेऊ नकोस, त्यांच्याकडे वर्षभर गोडाधोडाचं करत नसतील. रिकाम्या हातानं जा आणि म्हण, "वहिनी, पोरीचा नंबर लागला, आधी तुमालेच सांगाले आली." ती हसेल किंवा रडेल, कदाचित दोन्ही. रडली म्हणून तू माफी मागू नकोस. तुमच्या अंगणांमध्ये पऱ्हाट्यांचं कुंपण असेल नाहीतर तेही नसेल. त्या पोरीला लहानपणी तिनंच चार घास भरवले असतील, तिचाही त्यात वाटा आहे. मंडळीला उपकारस्तुतीच्या दिवशी ताजे पेढे दे आणि पोरीला उभी करून प्रार्थना करून घे. ही बातमी फुटली तरी काही बिघडत नाही.

पोरगी निघेल त्या सकाळी तिला वहिनीकडे पाया पडायला पाठव. आणि वहिनीला आदल्या दिवशीच सांगून ठेव की हातावर दही तुम्हीच घालायचं, दुसऱ्या कुणी नाही. ती "मी कशी घालू" म्हणेल, मागे सरेल. तू हटू नकोस. मंडळीत कुणी विचारलंच तर सांग, दह्यात म्हैस आहे, दुसरं काही नाही.