धुऱ्यावरची तार आणि पंचनामा

नागपूर

चि. नव्या रेंजरबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उमरेडच्या बाजूची रेंज, म्हणजे वनपरिक्षेत्र, तुला मिळाली, हे कळलं. जंगल कसं राखायचं ते प्रशिक्षणात शिकवलंय, ते इथे पुन्हा उगाळत नाही. या पत्रात मुख्यतः एकाच प्रसंगाबद्दल लिहितो: धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वीज सोडलेल्या तारेत वाघ मेला तर काय करायचं. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या रेंजरवर ही वेळ क्वचित येते. तुझ्या हद्दीत मात्र जंगल आणि वावरं एकमेकांत घुसलेली आहेत. धान आहे, कापूस आहे, मिरची आहे आणि या सगळ्यावर उतरणारे रानडुकरांचे कळप आहेत. शेतकरी तार लावतो डुकरासाठी. मरतं ते, जे त्या रात्री पहिलं येतं.

फोन आला की पहिला फोन एसीएफला (सहायक वनसंरक्षकांना) करायचा नाही, वीज उपकेंद्राला करायचा. वाघ मेलाय, त्याला घाई नाही. तुझा वनरक्षक जिवंत आहे. लाइनमन येऊन पुरवठा बंद आहे आणि तार मेलेली आहे हे दाखवत नाही, तोवर दहा मीटरच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही. पावसाळ्यात ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, तर त्याहूनही लांब थांबायचं. 'सकाळी आकडा (चोरून वीज घ्यायला लाइनवर अडकवलेली तार) काढला असेल' हा अंदाज जीवघेणा आहे, कारण एकाच लाइनवर दोन ठिकाणी आकडे टाकलेले असू शकतात. जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहून घे. नकाशात विहीर आणि तो खांब असे दोन पक्के बिंदू धरले, तर वर्षांनंतरही जागा शोधता येते. धुरा पुढच्या नांगरणीत हलतो, खांब सहसा हलत नाही. त्या रात्री फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, ट्रिप होऊन आपोआप बंद पडला असेल तर उपकेंद्राच्या लॉगबुकात वेळ सापडते. तिची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागून घे.

मग दोरी बांध आणि गावकऱ्यांना दोरीबाहेर ठेव. सरपंच असो, पत्रकार असो की आपलाच वरचा साहेब, आत येणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत गेली पाहिजे. फोटो लांबून जवळ असे घे: आधी पूर्ण शेत, मग तार आणि खांब, मग मृतदेह, शेवटी पट्टी ठेवून जखम. शरीराला हात लावण्याआधी मोजणी कर. सुळे चार, नखं अठरा: पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. मिशाही बघ. ही मोजणी पंचनाम्यात नसली, तर पुढे एखादं नख गायब झालं की संशय थेट तुझ्या माणसांवर येतो.

बऱ्याचदा तार सापडतच नाही, कारण पहाटेच ती गुंडाळून नेलेली असते. अशा वेळी जमिनीकडे बघ. ठराविक अंतरावर खुंट्यांची भोकं दिसतील, गवताची अरुंद जळकी रेघ असेल, वेष्टन म्हणून वापरलेल्या बाटलीची काच पडलेली असेल, कधी त्याच रेघेत मेलेले बेडूक. मृतदेह ओढून नेला असेल तर आजूबाजूच्या विहिरी, कालवा आणि ताजी उकरलेली माती आधी तपास. तार मिळालीच, तर सगळी गुंडाळून एका पोत्यात कोंबू नको. दोन्ही टोकांचे तुकडे वेगळे सील कर आणि तू कापलेल्या टोकाला चिकटपट्टी लाव. संशयिताच्या घरच्या बंडलाशी जुळवायला मूळ टोकच लागतं. केस आणि रक्त कागदी पाकिटात ठेव. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. लाखेच्या मोहोरेचा नमुना पंचनाम्यावर उमटव आणि मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाकडे गेला, त्याची नोंद अखंड ठेव.

शवविच्छेदन दिवसाउजेडीच. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार वाघाचा प्रत्येक मृत्यू आधी शिकार समजूनच तपासायचा असतो. नैसर्गिक होता हे सिद्ध करावं लागतं. म्हणून प्राधिकरणाचा आणि मुख्य वन्यजीव रक्षकांचा प्रतिनिधी येईपर्यंत थांब. संध्याकाळ झाली तर मृतदेह हलवू नको, वर ताडपत्री ताण आणि पहारा बसव. विषतपासणीचा व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो: लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅमहून थोडं जास्त मीठ, तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. फॉर्मॅलिन फक्त ऊतींच्या तपासणीसाठी. घाईत सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की विषाचा अहवाल हातचा गेला. भाजलेल्या कातडीचा तुकडा मात्र फॉर्मॅलिनमध्येच हवा. नंतर सर्वांसमक्ष, चित्रीकरण करत, शरीर पूर्ण जाळायचं.

मृतदेह वरवर निरोगी दिसला तरी हातमोजे आणि मास्क सोडू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि कारण निघालं एच५एन१ बर्ड फ्लू. मांजरकुळाला तो मारतो, हे तेव्हा नागपुरात सगळ्यांना कळलं.

आता कागद. माझ्या मते खटले जंगलात हरत नाहीत, जुन्या नमुन्यांत हरतात. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कायद्याच्या सहा अनुसूचींच्या, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या याद्यांच्या, चार झाल्या. रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होतं, आता दुसऱ्यात आहे, आणि तिसऱ्यात वनस्पती आहेत. संगणकातला जुना मसुदा तसाच छापलास, तर तुझ्या आरोपीनं डुकराऐवजी झाड मारलं असं होईल. वाघ पहिल्यातच आहे, पण जुना 'भाग १, अनुक्रमांक ३९' आता चालत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला शिक्षा तीन ते सात वर्षं. दंडाची किमान रक्कम १०,००० वरून २५,००० झाली. गुन्ह्याची तारीख १ एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर जुनाच कायदा लाव.

जबाबाचंही नीट समजून घे. कलम ५०(८) खाली पुरावा नोंदवण्याचा अधिकार शासनानं प्राधिकृत केलेल्या एसीएफ किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याचा आहे, आणि ५०(९) प्रमाणे तो पुरावा आरोपीच्या समक्ष घेतलेला असला तरच पुढे खटल्यात ग्राह्य धरला जातो. त्यामुळे रात्री रेंज ऑफिसात कबुली लिहून घेऊन खूश होऊ नको; एसीएफना बोलाव. अटक केलीस तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. आणि 'पोलिसांत दिलंय, ते बघतील' असं कोणी म्हटलं तर ऐकू नको. कलम ५५ प्रमाणे न्यायालय तक्रारीवरून दखल घेतं, ती तक्रार आपल्यालाच दाखल करावी लागते.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेही बदलले. तू काढलेला व्हिडिओ किंवा कॅमेरा ट्रॅपचा (हालचाल झाली की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा) फोटो पुरावा म्हणून द्यायचा, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळायची आकड्या-अक्षरांची खूण) लिहावं लागतं. म्हणून मेमरी कार्ड काढलं की बाजूची खिट्टी लॉकवर सरकव, हॅश काढ, मग प्रत कर. मूळ कार्ड सील. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बॅटरी बदलताना दर वेळी तपास. बॅटरी संपली की काही कॅमेऱ्यांची तारीख मूळ पदावर जाते, आणि मग मेलेला वाघ आधीच्या कुठल्यातरी वर्षात फिरताना दिसतो. बचाव पक्षाच्या वकिलाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. पर्यटन तुझ्याकडे असेल तर गोठणगावचं प्रकरण मुळापासून वाच: ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिचे बछडे दोन्हीकडच्या जिप्सींमध्ये अडकले, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. वाघ रस्त्यावर असताना त्याचा पुढचा आणि मागचा रस्ता मोकळा ठेवायचा, एवढं गाइडच्या डोक्यात बसलं तरी पुष्कळ. गाभा क्षेत्रातल्या पर्यटन भागात मोबाईल नको, हेही सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. ते गेटवर पाटी लावून होत नाही, फोन गेटवरच जमा करून घ्यावे लागतात.

पायी गस्तीत वाघ रस्त्यावर बसलेला दिसला तर आल्या वाटेनं मागे फिरा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामावरची वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. रस्त्यावर वाघीण बसलेली होती, बराच वेळ वाट पाहून पथक दाट झाडीतून वळसा घालायला गेलं होतं. झाडीत अंतर कळत नाही, ना आपल्याला ना तिला. ट्रॅक, म्हणजे चालायचा ठरलेला मार्ग, अर्धा राहिला तर उद्या पूर्ण होईल, आणि हे तुझ्या वनरक्षकांना तू स्वतः, लेखी सांगितलेलं असावं. नाहीतर ते काम पूर्ण दाखवण्यासाठी पुढे जातात.

तारांवर खरा उपाय खटला नव्हे. डुकरानं धान लोळवलं की भरपाईचा अर्ज येतो, आणि तो टेबलावर पडून राहिला की शेतकरी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार विकत आणतो. पीक नुकसानीचा पंचनामा तीन दिवसांत करून टाक, शेतकऱ्याला त्याची प्रत दे. धान निसवायला लागलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडू लागल्या, की रात्रीची गस्त धुऱ्याधुऱ्यानं ठेव आणि लाइनमनला सोबत घे. आकडा कुठे पडतो हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळतं.

गाडीत एक पेटी कायम भरून ठेव: ३० मीटरचा टेप, मोजपट्टी, हातमोजे, मास्क, कागदी पाकिटं, कापड, लाख, काडेपेटी, पितळी मोहोर, अर्धा किलो मिठाची दोन पाकिटं, रुंद तोंडाच्या बरण्या, फॉर्मॅलिन, दोरी, ताडपत्री, दोन नवी मेमरी कार्डं, कार्बन पेपर. हद्दीतल्या प्रत्येक उपकेंद्राचा आणि दोन पशुवैद्यकांचा नंबर झाकणाच्या आतून चिकटव, फोनमध्ये असला तरी. तुझ्या अर्ध्या बीटमध्ये (वनरक्षकांच्या हद्दींत) फोनला नेटवर्क मिळत नाही, तेव्हा वायरलेसवरून नंबर सांगायला कागदच लागेल.

कळावे.