पारधी वस्तीवरून रात्री फोन आला तर

पोलिसांनी पोराला उचललं असं कळलं की रक्त तापणारच. पण ठाण्यात जाऊन आरडाओरडा करू नकोस. तो राग आत बसलेल्या पोरावर निघतो. नव्या कार्यकर्त्यांची ही पहिली चूक.

आधी वेळ लिहून घे. कुठून नेलं, किती वाजता, कुणी पाहिलं. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं, आणि कागदावर अटक बऱ्याचदा उशिराची दाखवतात. तुझी वहीच तिथे कामाला येते.

मग:
- वकील गाठ. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती आहे.
- मारलं असेल तर ते दंडाधिकाऱ्यांनाच सांगायला आणि वैद्यकीय तपासणी मागायला पोराला धीर दे.
- ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज लगेच दे, पोच घे. किमान वर्षभर ते ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय.

दुसरी चूक म्हणजे न विचारता वस्तीतले फोटो टाकणं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय अजून गेलेला नाही. तुझ्या फोटोतला चेहरा उद्या कुणाच्या यादीत जाईल सांगता येत नाही.

मानवी हक्क आयोग, उच्च न्यायालय हे नंतर बघू. आज रात्री एकटा जाऊ नकोस, वस्तीतल्या दोन बायकांना सोबत घे.