मुंबई–लंडन: अंतर आणि वेळ मोजताना

मुंबई ते लंडन विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ काढण्याचा तुम्ही मांडलेला हिशेब चुकला, यात नवल नाही. सुरुवातीला बहुतेकांचे येथेच अडते. तूर्त एवढेच सांभाळा.

१. अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरल्यास मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. प्रत्यक्षातील मार्ग मात्र काही देशांचे आकाश टाळावे लागल्याने याहून लांब पडतो.

२. तिकिटावरील दोन्ही वेळा स्थानिक असतात, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करू नये. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, म्हणून लंडनच्या वेळेत हा फरक मिळवून मगच वजाबाकी करावी. (मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी तेथील घड्याळे बदलतात, हे नेमके विसरले जाते.)

३. जाण्यायेण्याचा वेळ सारखा धरू नका. उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो.

अंतराला विमानाच्या वेगाने भागून उत्तर काढण्याचा मोह होईल, पण वेळापत्रकातील कालावधीत धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळही धरलेला असतो. वाऱ्यांचे बारकावे सध्या बाजूला ठेवा आणि याच मार्गावरील दोन-तीन तिकिटांवर ही रीत वापरून पाहा.