नळाला पाणी नसताना बंब कुठे भरायचा?

प्रश्न : आमच्या शहराची लोकसंख्या लाखाच्या घरात आहे आणि नळाला सकाळी दीड तास पाणी येते. गेल्या दिवाळीत बाजारपेठेतील कापडाच्या दुकानाला आग लागली. बंब वेळेवर आला, पण थोड्याच वेळात रिकामा होऊन पाणी भरायला निघून गेला. समोरचा हायड्रंट (आगीसाठी रस्त्यावरच्या जलवाहिनीला जोडलेला नळ) उघडला तर नुसती हवा आली. आग विझवण्यासाठी पाणी ठेवणे हे पाणीपुरवठा योजनेचे काम असते का?
— एक वाचक

उत्तर : होय, असते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांमध्ये पाणीपुरवठा आणि अग्निशमन हे दोन्ही आहेत. कागदावर ते वेगळे असले तरी आगीच्या वेळी दोन्हींचा भार एकाच जलवाहिनीवर येतो.

नेहमीच्या बंबात साधारण 4,500 लिटर पाणी मावते. एका होजमधून मिनिटाला 450 लिटर पाणी मारले तर ते 10 मिनिटांत संपते, आणि पेटलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर दोन होज लावावे लागले तर 5 मिनिटांत. म्हणून बंब लवकर रिकामा झाला याचा दोष जवानांना देऊ नये. पहिली टाकी संपण्याआधी पुढचे पाणी जवळ मिळावे, यासाठीच रस्त्यावर हायड्रंट असतात.

मात्र मागची वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असेल तरच हायड्रंटला पाणी येते. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की लोक नळ सोडून उरलेले पाणीही काढून घेतात आणि पुढचे साडेबावीस तास ती वाहिनी जवळपास कोरडी राहते. वाहिनीचा व्यासही पाहावा लागतो : अंतरागणिक दाब तेवढाच घटत असेल तर 150 मिलिमीटरची वाहिनी 100 मिलिमीटरच्या वाहिनीपेक्षा जवळजवळ तिप्पट पाणी नेते.

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठाविषयक नियमपुस्तिकेत 50,000 हून अधिक वस्तीसाठी एक सूत्र दिलेले आहे. लोकसंख्या हजारांत घेऊन तिच्या वर्गमूळाला 100 ने गुणायचे. येईल तितके किलोलिटर पाणी आगीसाठी दररोज गृहीत धरायचे. एक लाख वस्तीला हा हिशेब 1,000 किलोलिटरचा, म्हणजे 10 लाख लिटरचा होतो. त्यातील एक तृतीयांश जलकुंभांत आणि उरलेले मोक्याच्या ठिकाणच्या टाक्यांत ठेवावे, अशी शिफारस आहे. जिथे पाणी तासांच्या हिशेबाने येते तिथे मला या टाक्याच सर्वांत महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या भरण्यासाठी दिवसभर दाब लागत नाही आणि तळे, ओढा किंवा कालव्याचे पाणीही चालते. जलकुंभात घरगुती वाहिनीचे तोंड तळापासून पुरेसे वर ठेवले तर त्याखालचे पाणी टंचाईच्या दिवसांतही शिल्लक राहते.

जुन्या गावठाणातील विहिरींचा आधार वाटतो, पण त्यालाही मर्यादा आहे. बंबाचा पंप वरून पाणी ओढतो आणि प्रत्यक्षात सुमारे 7 मीटरपेक्षा खोल पाणी त्याला ओढता येत नाही. उन्हाळ्यात सगळे वाळून कोळ झालेले असते, आगी वाढतात आणि नेमक्या तेव्हाच विहिरी खोल जातात. अशा विहिरीवर पाण्यात सोडायचा पंप कायम बसवलेला असेल तरच तिचा उपयोग होतो.

नगरपालिकेला लेखी अर्ज देऊन या गोष्टी विचारा : बाजारपेठेला सर्वांत जवळचा बंब भरण्याचा नळ कोणत्या जलकुंभावर आहे, रात्री दोन वाजता त्याची चावी कोणाकडे असते, आणि आगीची वर्दी मिळताच त्या भागाचा व्हॉल्व्ह उघडण्यासाठी अग्निशमन केंद्रातून चावीवाल्याला फोन जातो का. दुकानांसमोरचे हायड्रंट एकदा स्वतः जाऊन पाहा. दर वेळी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो आणि लोखंडी झाकण त्याखाली गाडले जाते. तसे दिसले तर डांबर फोडून झाकण वर उचलून घेण्याची मागणी त्याच अर्जात घाला.