आठवड्यातून तीन संध्याकाळी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. दिवाळीपासून कॉलेजला जाणं बंद, रात्रभर जागी, सकाळी छातीत धडधड. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्यांबरोबर आठवड्यातून तीन दिवस, रोज तीन तासांचे ऑनलाइन उपचार सुचवलेत. वडील म्हणतात, ‘मोबाईलनंच पोरगी बिघडली, आता मोबाईलवरच औषध व्हय?’ आजीला भीती, शेजारी ऐकतील. ‘मावशी, काय करू?’

मुलीच्या बाबांना उडवून लावू नका, त्यांची शंका रास्त आहे. त्यांना शांतपणे सांगा की पडद्यावर समोर थेरपिस्ट असतात, तिच्याच वयाची मोजकी मुलं असतात. मनात आलेला विचार तपासायचा कसा, धडधड वाढली की श्वास सावरायचा कसा, हे शिकायचं आणि पुढच्या वेळी काय जमलं ते सांगायचं. एकटीचं सत्र वेगळं, आईवडिलांसोबतचं वेगळं. आठवड्यातून एकदा भेटणं पुरत नाही, पण भरती करण्याइतकंही नाही, अशा मुलांसाठी ही सोय आहे. बहुधा दोन-तीन महिने चालते. जी मुलगी कॉलेजपर्यंत जाऊ शकत नाही, तिला आठवड्यातून तीनदा पुण्याला कशी न्याल?

मला खरी काळजी आहे ती तुमच्या दोन खोल्यांची. आजी पलीकडे भाजी निवडतायत हे कळलं, की पोरगी ‘बरी आहे’ म्हणून गप्प बसणार. त्या तीन संध्याकाळी आजीला अंबाबाईच्या देवळात नाहीतर रंकाळ्यावर न्या. पोरीला हेडफोन द्या, बाहेर रेडिओ लावा. दार लोटलेलं असू दे, आतून कडी मात्र नको. आणि सत्र संपल्यावर ‘काय बोललीस?’ विचारू नका. जेवायला वाढा.

पैसे भरण्याआधी विचारा: थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था, आरसीआय) नोंदणीकृत आहेत का? सत्रात तिची तब्येत बिघडली तर कोल्हापुरात कुणाला कळवणार? तुमचा पत्ता आणि इथल्या डॉक्टरांचा नंबर त्यांच्याकडे हवाच. विमा असेल तर कंपनीलाही विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय. पण भरती न होता घेतलेले उपचार तुमच्या पॉलिसीत बसतात का, हे लेखी घ्या.

अजून एक, आणि हे आजच करा. ‘मरून जावं असं वाटतं का?’ असं तिला जवळ बसवून सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर ऑनलाइनची वाट न बघता त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात. तोवर तिला एकटं सोडू नका. गोळ्या आणि ऊसशेतीची फवारणीची औषधं कुलपात ठेवा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो बाबांच्या मोबाईलमध्येही घालून द्या. पोरीची अशी अवस्था बघून तेही आतून हलले असतील.