व्हर्च्युअल हॉस्पिटलात शिकलेली पोरगी खऱ्या वॉर्डात टिकेल का?

बार्शीच्या एका ताईंचं पत्र आलंय. लेक बारावी सायन्स झालीय, बीएस्सी नर्सिंग करायचंय, कॉलेज बघायला गेल्या तर मुली डोळ्यांवर व्हीआरचे, म्हणजे कॉम्प्युटरनं बनवलेलं खोटं जग दाखवणारे, चष्मे लावून हवेतच इंजेक्शन देत होत्या. एवढी फी भरून पोरगी व्हिडिओ गेम खेळणार का, असं त्या विचारतायत.

ताई, मीपण तो चष्मा लावून बघितलाय, पाच मिनिटांत गरगरायला लागलं. तरी सांगतो, फालतू नाहीये ते. समजा रक्त चढवताना पेशंटला एकदम थंडी भरली, धाप लागली, तर आधी डॉक्टरांना फोन की आधी रक्त बंद? आधी बंद. पण असं काही मुलीच्या ड्युटीत कधी घडेल काय सांगता येतं, चार वर्षांत एकदाही न बघता ती पास होऊ शकते आणि घडलंच तर सिस्टर तिला बाजूला करून स्वतः धावणार, आणि धावायलाच पाहिजे. खोट्या पेशंटपुढे मात्र तिलाच ठरवावं लागतं, चुकली तर परत पहिल्यापासून.

अमेरिकेत नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय कौन्सिलनं २०१४ मध्ये १० नर्सिंग कोर्सेसचा अभ्यास छापला, काही मुलींचे वॉर्डातले निम्मे तास सिम्युलेशनला, म्हणजे खोट्या पेशंटवरच्या सरावाला, दिले तरी लायसन्सच्या परीक्षेत किंवा नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत फरक दिसला नाही. पण तिथं नुसते चष्मे नव्हते हो, पुतळे होते, पेशंटचं सोंग घेतलेली माणसं होती आणि टीचरना खास ट्रेनिंग दिलेलं.

शीर सापडणं, जाड्या पेशंटची कूस बदलणं, बेडसोअरचा, म्हणजे पडून पडून झालेल्या जखमांचा, वास, रात्री दोनला अंगावर येणारे नातेवाईक, हे कुठल्याच चष्म्यात नाही.

तेव्हा परत जाल तेव्हा हेडसेट किती आहेत ते विचारू नका. केस झाल्यावर मुलींना बसवून डीब्रीफिंग कोण घेतं, काय चुकलं, का चुकलं यावर किती वेळ बोलतात ते विचारा. चष्मा काढला की चला पुढची, असं असेल तर मग तो तुम्ही म्हणता तसा गेमच. आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात बीएस्सीला १०० बेडचं पेरेंट हॉस्पिटल, म्हणजे कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल, लागतं, तर ते बेड भरलेले असतात की नुसते कागदावर, हे न कळवता सकाळी जाऊन बघून या. लेकीलाही न्या सोबत, वॉर्डातला वास तिला झेपतो का तेही त्याच फेरीत कळेल.